चंद्रावरची धूळ आणि मंडळाची घंटा

देवासच्या आमच्या मराठी मंडळात शारदोत्सवातली वादविवाद स्पर्धा म्हणजे भाषेचं सोवळं असतं. व्यासपीठाच्या कडेला एक टेबल, टेबलावर पितळेची टिचकी मारायची घंटा. बोलणाऱ्याच्या तोंडून हिंदी शब्द निसटला की गणपतराव घंटा वाजवतात आणि एक गुण कापला जातो. हेच गणपतराव एरवी नाक्यावर "अरे भिया, दो चाय भेज" असं ओरडत असतात, पण त्या संध्याकाळी त्यांच्यासारखा कर्मठ माणूस शोधून सापडायचा नाही.

हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातला. शरदचंद्र त्यांचं नाव, सगळे त्यांना नाना म्हणतात. धारच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे देवासला राहायला आले. मी धारचीच, त्यांची विद्यार्थिनी, पुढे सून झाले. वर्गात ते हिंदीत शिकवायचे, तिथे दुसरी सोयच नव्हती. त्यामुळे जन्मभर हिंदीवर पोट भरलेल्या माणसानं हिंदीला दंड लावावा याचं मला हसू यायचं. बोलले मात्र नाही कधी. सुनेनं काय काय बोलायचं?

माझी मुलगी वेदिका अकरावीत आहे. शाळा हिंदीची, मैत्रिणी हिंदीच्या, मराठी फक्त घरात आणि तीही अर्धीमुर्धी. पण नानांशी तिचं मूळचं गूळपीठ. ती त्यांना नानाच म्हणायची, आणि अरेतुरे करायची. शाळेतल्या मुली चिडवायच्या, "पापा के पापा को नाना कौन बोलता है?" त्यांच्या हिशेबानं नाना म्हणजे आईचे वडील, पप्पांचे वडील ते दादाजी. वेदिका भांडून यायची, पण तिनं 'नाना' सोडलं नाही. व्यासपीठावर मात्र ती कधी चढली नव्हती. "नाना, तेरी वो घंटी सुनके ही मला रोना येतं," म्हणायची.

आमच्याकडे विषय उन्हाळ्यातच जाहीर होतो, पाठांतराला वेळ हवा म्हणून. यंदाचा विषय होता, 'माणूस चंद्रावर उतरलाच नाही.' मोबाईलवर तसले व्हिडिओ फिरतच असतात, त्यातूनच कुणाच्या तरी डोक्यात आला असणार. चिठ्ठ्या टाकल्या. नानांनी कशीबशी गळ घालून वेदिकाचं नाव दिलं होतं, तिच्या वाट्याला विरोधी पक्ष आला, म्हणजे माणूस उतरला हे सिद्ध करायचं. समोर कुशल नावाचा कॉलेजातला मुलगा होता.

त्या सुट्टीत आम्ही धारला माझ्या माहेरी गेलो होतो. नाना तिला घेऊन नालछ्याच्या पुढे एका कच्च्या रस्त्याला गेले, हट्टानं मलाही नेलं. एक ट्रॅक्टर गेला. रस्त्यावरची धूळ उठली, फुगली, आमच्या अंगावर आली आणि कितीतरी वेळ हवेत तरंगत राहिली. नाना तोंडाला रुमाल लावून शिकवत होते. शिकवताना त्यांना हिंदीच यायची, सवयच ती.

"देख बेटा, धूल को हवा पकड़ती है. इसलिए बादल बनता है. अब चाँद वाली गाड़ी का वीडियो देख. पहिये से धूल उछली, परवलय बनाया, और सीधी नीचे. बादल बना क्या?"

"नाही."

"क्यों नहीं बना?"

"हवा नाहीये तिकडे!" वेदिका ओरडली. तिनं ट्रॅक्टरचा व्हिडिओ काढला होता. घरी येऊन तिनं दोन्ही व्हिडिओ शेजारीशेजारी लावले. ट्रॅक्टरचा हळू करून पाहिला, तरी धूळ तरंगतच होती. म्हणजे चित्रीकरण नुसतं हळू दाखवलं म्हणून चंद्रावरच्यासारखी धूळ होत नाही, हे तिचं तिनं शोधलं. नानांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्यांचा चेहरा मी वर्गात पाहिला होता तसाच झाला होता, एखाद्याला खरोखर कळलं की व्हायचा तसा.

मग धारहून परत आल्यावर त्यांनी तिच्याकडून सगळं मराठीत घोटून घेतलं. पहिया नाही चाक, परछाई नाही सावली, चंद्रावर हातोडीबरोबर टाकलेला पंख नाही पीस. वर उडालेली वस्तू खाली येताना जी कमान काढते ती परवलय नाही, अन्वस्त. हा शेवटचा शब्द मी स्वतः जन्मात ऐकला नव्हता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुशलला डेंग्यू झाल्याचं कळलं. मंडळाची माणसं घरी आली. सभागृह सजलंय, पत्रिका वाटल्यात, आता कोण उभं राहणार? शेवटी नानांनाच गळ घातली. आजोबा विरुद्ध नात, लोक किती खूश होतील!

नाना आधी नको म्हणाले. नको म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते, ते मी पाहिलं. "वेदू, चालेल ना गं? खेळ आहे. पक्ष मांडायचा असतो फक्त."

"चलेगा नाना. पण हरशील तू," वेदिका म्हणाली.

नवरात्रातली संध्याकाळ, सभागृह भरलेलं, खिडकीतून टेकडीवरची देवीची रोषणाई दिसत होती. वेदिका माझी जरीकाठी साडी नेसली होती. तिनं पडद्यावर दोन्ही व्हिडिओ लावले आणि सुरुवातही झकास केली. कोणी म्हणतं फोटोत तारे का नाहीत, तर आत्ता खिडकीतून टेकडीचा फोटो काढा, दिवे दिसतील, तारे दिसणार नाहीत, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम जमत नाही. लोकांनी माना डोलावल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग ती म्हणाली, "आता ही गाडी बघा. तिच्या पहियाखालून..."

घंटा वाजली.

वेदिका दचकली. "चाकाखालून. चाकाखालून जी धूल..."

घंटा. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. एकदा सूर चुकला की चुकतच जातो, तसं झालं तिचं. घोटलेलं सगळं उडालं आणि आतून आले ते तिला जिथे खरं समजलं होतं त्या रस्त्यावरचे शब्द. नानांचेच शब्द. "ती धूल वर जाते, आणि, आणि परवलय..."

घंटा. तिनं नानांकडे पाहिलं. नाना शेजारच्या खुर्चीत, हाताच्या अंतरावर बसले होते. अख्ख्या सभागृहात तो मराठी शब्द त्यांना एकट्यालाच येत होता. ते समोर बघत राहिले.

गणपतरावांनाही वाईट वाटलं असावं. पुढचा हिंदी शब्द आला तेव्हा त्यांचा हात घंटेवर थांबला. तेव्हा नानांनी त्यांच्याकडे बघून एक बोट वर केलं. नियम म्हणजे नियम. घंटा वाजली.

नंतर नाना उठले. काय सांगू, त्यांचं मराठी ऐकताना कान तृप्त होतात. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. वारा नसताना झेंडा का फडफडला, विचारलं. त्याला वरून आडवी दांडी होती आणि दांडा मातीत खुपसताना पिळला म्हणून तो हलला, हे त्यांनीच वेदिकाला शिकवलं होतं. आणि शेवटी ते पडद्याकडे वळले.

"ट्रॅक्टर नालछ्याचा, धूळ नालछ्याची, आणि निष्कर्ष मात्र चंद्राचा! मंडळी, जिला पृथ्वीवरच्या धुळीला मराठीत हाक मारता येत नाही, तिनं चंद्रावरच्या धुळीची साक्ष काढावी?"

सभागृह हसून कोसळलं. लोक बाकं बडवत होते. माझा नवरा शंतनू हसत होता. आणि मीसुद्धा हसले. टाळीही वाजवली. वाक्यच तसं होतं हो, तोंडातून हसू निघून गेलं. मग माझं लक्ष वेदिकाकडे गेलं. ती हसणारे चेहरे रांगेनं बघत होती, आणि बघत बघत माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, साडीच्या पदरात तोंड खुपसावं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिला उत्तर द्यायला संधी होती. ती माइकपाशी आली. "नाना, तू..." म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मुझे कुछ नहीं कहना."

गणपतरावांनी सवयीनं घंटा वाजवली.

नानांना पहिला नंबर मिळाला. घरी येऊन म्हणाले, "अगं, खेळ होता." वेदिका "हो" म्हणाली आणि साडी बदलायला गेली. तिनं बोलणं टाकलं नाही. जेवायला बोलवायची, पाण्याचा पेला ठेवायची, फक्त हाक मारायची नाही. नाना पेपर वाचता वाचता तिच्या दाराकडे बघायचे. बघा, मी मनात म्हणायचे. पण माझ्याकडे तरी कुठे ती धड बघत होती!

मग धवलचा फोन आला. हा धारचा त्यांचा जुना विद्यार्थी, आता पीपलरावां गावात शिक्षक आहे. नाना फोन मोठ्या आवाजात लावतात, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सर, आपका वीडियो देखा, मंडल वाला. भिया क्या बोले आप! मैं तो अब तक बच्चों को उल्टा ही पढ़ा रहा था. कल क्लास में चला दिया. मैंने बोला, हमारे सर खुद कह रहे हैं तो कोई नहीं गया चाँद पर."

"अरे धवल, वो तो वाद-विवाद..."

"नहीं सर, आप बोले तो बोले. आपसे ही तो फ़िज़िक्स सीखी है."

नानांनी फोन ठेवला. "वल्लरी," म्हणाले, "मी काय केलं गं हे?" मला राग आला होता त्यांचा. धवलच्या वर्गातल्या पोरांचं कळल्यावर ह्यांना लाज वाटली, घरातली पोर समोर होती तेव्हा नाही.

उत्सवाचा समारोप कोजागिरीला असतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कारखान्याची शिफ्ट, त्यामुळे आमची कोजागिरी चंद्र नीट वर येतो न येतो तोच उरकते. गच्चीवर खुर्च्या, दुधाचं पातेलं, बक्षिसांचं टेबल, आणि टेबलावर शोभेला ती घंटाही आणून ठेवलेली. नानांचं नाव पुकारलं. बक्षीस न घेताच त्यांनी माइक हातात घेतला.

"मी त्या दिवशी खोटं बोललो," ते म्हणाले. "पक्ष मांडायचा असतो हे खरं. पण मी मुलीला पुराव्यानं हरवलं नाही, घंटेनं हरवलं. ज्या शब्दांसाठी तिला घंटा वाजवली, ते मीच तिला शिकवले होते." मग ते वेदिकाकडे वळले. "तिचं बरोबर होतं. चाँद पर हवा नहीं है. इसलिए धूल का बादल नहीं बनता. धूल परवलय बनाकर गिरती है."

ते थांबले. गणपतरावांकडे पाहिलं. "वाजवा."

गणपतरावांनी हात जोडले. "नाना, तुम्हाला कशी वाजवायची?"

"तिला वाजवली ना? वाजवा!"

गणपतराव जागचे हलले नाहीत. तेव्हा नाना टेबलापाशी गेले आणि स्वतःच म्हणाले, "धूल." टिचकी मारली. "चाँद." टिचकी. "परवलय." टिचकी.

आधी कुणीतरी एक हसलं. मग दुसरं. मग अख्खी गच्ची हसायला लागली. "हसू नका," नाना म्हणाले, तर अजून हसली. अध्यक्षांनी डोळे पुसत माइक घेतला, "या वयातही नानांचा मिश्कीलपणा बघा, हार पचवणं सोपं, जिंकणं पचवणं कठीण!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना घंटेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि लोकांना वाटत होतं हसून आलंय.

वेदिका माझ्या शेजारी दुधाचा पेला घेऊन बसली होती. दुधाला तिनं तोंडही लावलं नव्हतं. "मम्मी," ती हळूच म्हणाली, "उस दिन भी इतने ही हँसे थे ना?"

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, एवढंच.

नाना टाळ्यांमधून वाट काढत आमच्यापाशी आले. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. ते वेदिकासमोर उभे राहिले. त्यांना काय म्हणायचं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"वेदू, चुकलो गं मी. बोल ना काहीतरी."

वेदिका उठून उभी राहिली. मोठ्या माणसांसमोर राहतात तशी, साडीचा पदर आवरून. रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दादाजी," ती म्हणाली, "आप बहुत अच्छा बोले."

नानांनी मान हलवली. 

"थैंक यू, बेटा," ते म्हणाले, आणि जाऊन मागच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीत बसले.