खोकलाआजीचं सरकारी नाव

रशियाशी लढाई जिंकून दोन वर्षं झाली होती आणि सरकारला आता देवांनाही शिस्त लावायची होती. एका गावात एकच देऊळ, तेही सम्राटाच्या पूर्वजांचं. बाकीचे देव त्यातच विलीन करा, असा हुकूम सुटला.

किसाच्या गावच्या वेशीवर कापराच्या झाडांखाली एक ओबडधोबड दगड होता, खोकलाआजी. पोराला डांग्या खोकला झाला की तिला चहा पाजायचा. किसाची नात फुसा नऊ दिवस खोकून निळी पडत होती आणि नेमका तेव्हाच सरकारी कारकून दगडापाशी उगवला.

"हिचं नाव?"

"खोकलाआजी," किसा म्हणाली.

"असं नाव पोथीत नाही. सम्राटांच्या घराण्याशी हिचं नातं काय?"

"आमच्या पोरांशी आहे की. का, राजवाड्यात कुणी खोकत नाही?"

गावप्रमुख तोकुजिरो म्हणजे किसाचा दीर. त्याला घाम फुटला. "वहिनी, तोंड आवरा. साहेब, तुम्ही लिहा काहीतरी."

कारकुनानं यादीतून कुठल्याशा राजकन्येचं वीतभर नाव उतरवलं. दिरानं निमूटपणे शिक्का मारला. दगड पेटीत घालून खालच्या मोठ्या देवळात नेला आणि दुसऱ्याच दिवशी झाडांवर कुऱ्हाड पडली. किसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांना देव नको होता, लाकूड हवं होतं!

चहाची किटली घेऊन ती तरातरा दोन कोस उतरून गेली.

"आधी राजवाड्याच्या दिशेनं वाका," पुजारी म्हणाला. "मग देवीचं नाव घ्या."

"नाव तुम्हीच ठेवलंत. तुम्हीच घ्या."

पुजारी गडबडला. त्यालाही आठवेना. तो यादी शोधायला गेला, तशी किसा थेट गाभाऱ्यात घुसली.

आत पांढऱ्या लाकडाच्या सतरा पेट्या होत्या, सगळ्या एकसारख्या, खिळे ठोकून मोहरबंद केलेल्या. प्रत्येकीवर वीतभर नाव होतं आणि किसाला अक्षर येत नव्हतं.

"आजे, कुठली गं तू?" ती ओरडली. "फुसा मरतेय तिकडे, बोल की!"

एकही पेटी बोलली नाही. दात-ओठ खात, दिराला, कारकुनाला नि त्या न पाहिलेल्या राजकन्येला शिव्या घालत, ती पहिल्या पेटीपासून चहा ओतत निघाली.

अकराव्या पेटीशी किटली रिकामी झाली.