बगळ्याच्या दोन ओळी

"मार पाणी," म्हाताऱ्याने पुन्हा बजावलं.

"नाही मारता येणार, बाबा," सून म्हणाली. "भिजला की सगळा गिलावा खाली येईल."

तिचं कामच ते. लढाईच्या वेळची, आता ओस पडलेली किनाऱ्यावरची तोफघरं धुंडाळायची आणि सैनिकांनी भिंतींवर खरडलेलं पारदर्शक प्लास्टिकवर उतरवून घ्यायचं. शिव्या, जहाजांची चित्रं, बायकांची नावं, काय वाट्टेल ते. कोळशाचं पुसट अक्षर पाणी मारलं की घटकाभर काळंभोर उठतं. पण खाऱ्या हवेने फुगलेला गिलावा पाणी पिताच सुटतो, म्हणून भिंतीला पाणी लावायचं नाही हा तिच्या कामातला पहिला नियम.

या भिंतीवर तिला 'बगळा' हे नाव सापडलं होतं आणि त्याखाली दोन ओळी, वाचता न येण्याइतक्या पुसट. बगळा म्हणजे सासऱ्यांचा थोरला भाऊ, लांब तंगड्यांचा. हल्ल्याच्या रात्री तो इथला पहारा सोडून पळाला, असं गावाने ठरवून टाकलं होतं. तो पुन्हा कधी कुणाला दिसला नाही. सासऱ्यांनी मात्र जन्मभर एकच हेका धरला, माझा दादा शूर होता. त्यापायी शेजारी तोडले, सख्ख्या मेव्हण्याच्या श्रीमुखात भडकावली. घरात 'भित्रा' हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. आता त्या दोन ओळी वाचून त्यांना गावाचं तोंड बंद करायचं होतं.

पण तोफघर कड्यासकट समुद्राकडे कललेलं. भरतीचं पाणी दारातून शिरून घोट्याला लागत होतं, आणि प्रत्येक लाटेसरशी छतातून खडी गळत होती. ही भिंत उद्या असेल याचा काही भरवसा नव्हता.

"बाबा, चला! दोघंही इथेच गाडले जाऊ."

"तू हो पुढे."

असं म्हणून म्हाताऱ्याने खिशातून कपड्यांवर इस्त्रीआधी पाणी मारायची बाटली काढली. घरूनच लपवून आणली होती! घाईघाईने दाबलेला पहिला फवारा भिंतीऐवजी तिच्याच तोंडावर आला. तिने बाटली हिसकावली, एकदा छताकडे पाहिलं, आणि पाणी मारलं.

अक्षरं उठली.

'धाकट्याला सांगा, मी फार घाबरलोय, पळतोय.
त्याने मला हसू नये.'

तिने मोबाइल काढेपर्यंत गिलाव्याला पोट सुटलं आणि सगळा धपकन पाण्यात कोसळला. सासऱ्यांकडे बघायचा तिला धीर होईना.

"मी कुणाला सांगणार नाही, बाबा."

"सगळ्यांना सांग." उघड्या पडलेल्या विटांवर त्यांनी तळवा टेकला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "धाकटा म्हणजे मी गं. भेदरला होता बिचारा. आणि मी घरात घाबरायचीसुद्धा चोरी करून ठेवली. जिवंत असता, तर कुठल्या तोंडाने आला असता माझ्या दारात?"