सुशीलचं निरोगी रक्त

आमच्या प्रयोगशाळेत सुशीलच्या रक्ताला भलताच मान होता. कधी ताप नाही, खोकला नाही, सुपारीचं व्यसनही नाही; म्हणून निरोगी नमुना त्याचाच, असं ठरूनच गेलेलं. रोज आधी त्यावर यंत्र जुळवायचं, मगच रुग्णांचे नमुने. आम्ही दोघं खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलो, त्यामुळे त्याची फुशारकी माझ्याच वाट्याला यायची.

यंत्र प्रकाशाच्या मदतीने रक्तातलं आजाराचं प्रथिन शोधतं. साध्या लेझरमधून प्रकाशाचे कण कधी जास्त येतात, कधी कमी, आणि त्या गोंगाटात बारीक खूण बुडते. म्हणून आम्ही स्फटिकातून कणांच्या जुळ्या जोड्या काढल्या. एक रक्तातून जातो, दुसरा बाहेरूनच मोजला जातो. दोघांची तुलना केली की गोंगाट वजा होतो.

तो वजा झाला आणि सुशीलच्याच रेषेत एक खड्डा दिसला, आजाराचं प्रथिन असलं की पडतो तसाच.

"आरसा हलला असंल," तो म्हणाला. आरसे पुसले, स्फटिक बदलला, खड्डा तिथंच. मग त्याने तोडगा काढला: नमुना निरोगी आहे, म्हणजे खड्डा यंत्राचा, तो सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करून टाकू. मीही मान डोलावली. सगळा उन्हाळा त्यात गेला. त्याची पाठ दुखायची, तर दोष जड टेबल सरकवण्याला.

पुढे, दवाखान्याने आजार पक्का केलेली एक बाई आमच्याकडे ठणठणीत निघाली. माझं डोकं फिरलं: तिचा खड्डा आपणच तर वजा केला नाही? सुशील जेवायला गेला होता. मी त्याच्या जागी माझं रक्त लावलं. रेष सपाट. खड्डा नाही.

"काय पाहून राह्यली वं?" त्याने येऊन विचारलं.

मी दोन्ही रेषा समोर धरल्या. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्याचाच मला फार राग आला.

"माझा पुन्हा लाव."

"लावला गा. खड्डा जात नाही."

"मग जुन्या, साध्या लेझरवर लाव."

लावला. रेष खडबडीत उमटली, नुसता गोंगाट, खड्डा कुठेच नाही. सुशीलने खुर्ची जवळ ओढली आणि त्या रेषेकडे बघत बसला.

"हे बरं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "बंद नको करू."