गंडीपेटला जायचा राहिलेला ड्रॉइंग बोर्ड

मी ड्रॉइंग बोर्ड बोलतोय. हो, तोच. इंजिनिअरिंगची पोरं बगलेत मारून बसमध्ये चढतात आणि ज्याच्यापायी कंडक्टरची बोलणी खातात, तो. माझे भाऊबंद जन्मभर घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर एवढंच हिंडले. मी मात्र गोवळकोंडा पाहिला, मौलाअलीचा डोंगर पाहिला, हिमायतसागरच्या काठावर मिरची भजी खाल्ली. म्हणजे माझ्या अंगावर ठेवून दुसऱ्यांनी खाल्ली. पण तेल माझ्यातच मुरलं, तेव्हा मीही खाल्ली म्हणायला हरकत नाही.

खरं तर मी जन्मानं बोर्ड नव्हेच. अफझलगंजात हिम्मतरावांचं धान्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या कोठाराचं दार होतो मी. अस्सल सागवान! पण दाराचा जन्म मोठा कंटाळवाणा असतो. सगळं जग आपल्यासमोरून आत जातं, बाहेर येतं, आणि आपण बिजागरीला टांगलेले. हमाल यायचे, पाठ टेकायचे, बिडी ओढायचे आणि नामपल्लीच्या जत्रेच्या गप्पा मारून निघून जायचे. मी जळफळत उभा.

मग ते नव्वदच्या पुढचे दिवस आले आणि शहराला एकाएकी घाई सुटली. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या, आणि ज्याला त्याला आपलं पोर इंजिनिअर व्हावं असं वाटू लागलं. हिम्मतरावांची एकुलती एक मुलगी माधवी, तिला खरोखरच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हिम्मतरावांनी अख्ख्या काचीगुड्यात पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी घरी अट घातली.

"शिक म्हणशील तितकं शिक. पण अभ्यास सोडून कुठं हिंडताना दिसलीस तर कॉलेज बंद. भालकीचे तुझे काका स्थळ घेऊन तयारच बसलेत, मालूम हाय ना?"

भालकीचे काका म्हणजे हिम्मतरावांचे थोरले भाऊ भगवंतराव. पोरींनी शिकून करायचंय काय, असा त्यांचा सवाल वर्षानुवर्षं तयार असे आणि त्याच्या जोडीला एक स्थळही. माधवीनं मान डोलावली. ती अट तिच्या डोक्यावर कशी लटकत राहिली, ते मी जवळून पाहिलंय.

कॉलेजनं सांगितलं, ड्रॉइंग बोर्ड आणा. हिम्मतरावांनी बाजारातले बोर्ड हातात धरून पाहिले आणि नाक मुरडलं. "हे काय लाकूड हाय? खोक्याच्या फळ्या! ह्याच्यावर माझी पोरगी नक्शे काढणार?" ते तडक दुकानी गेले, सुताराला बोलावलं आणि मला बिजागरीवरून उतरवून कापायला लावलं. अंगावर करवत चालत होती, पण खरं सांगतो, मला आनंदच झाला. आता कुठेतरी जायला मिळणार होतं!

ड्रॉइंग बोर्ड मऊ लाकडाचा असावा लागतो, त्यात टाचण्या रुतायला हव्यात, हे हिम्मतरावांच्या गावीही नव्हतं. पहिल्याच दिवशी माधवीनं शीट लावायला टाचणी टोचली, ती वाकली. दुसरी वाकली. तिसरी उडून प्राध्यापकांच्या चहात पडली. वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून तिनं शीट चिकटपट्टीनं लावायला सुरुवात केली, आणि मला वर्गात नाव पडलं 'हिम्मतरावांचं दार'. नाव ठेवणाऱ्याला ठाऊक नव्हतं की ते अक्षरशः खरं आहे.

माधवीची मात्र दैना होती. सकाळी कॉलेज, तिथून चिक्कडपल्लीला कॉम्प्युटरचा क्लास, कारण त्या वर्षी कॉम्प्युटर न शिकणारा माणूस जगणारच नाही अशी सगळ्यांची खात्री झाली होती. घरी आली की गणिताची उदाहरणं. कितीदा तरी ती माझ्यावरच डोकं टेकून झोपून जायची आणि सकाळी तिच्या गालावर अर्ध्या यंत्राचं चित्र उमटलेलं असायचं. माझा जीव तुटायचा तिच्यासाठी.

तिला सोडवलं शर्वरीनं. शर्वरी तिच्याच वर्गातली. वडिलांची कॉम्प्युटर कंपनीत बदली झाली म्हणून पुण्याहून चिक्कडपल्लीला राहायला आलेली. तोंडाची फटकळ, मनाची साफ, आणि दिमतीला एक मोपेड. एका रविवारी माधवी मला घेऊन खरोखरच तिच्याकडे शीट पुरी करायला गेली. शर्वरीनं दोन खुर्च्यांवर काच ठेवली, खाली दिवा लावला, एका वर्गमैत्रिणीची झालेली शीट त्यावर पसरली आणि दोघींनी वरून गिरवून भराभर काम उरकलं. इंजिनिअरिंगच्या मुलांना ही विद्या कुणी शिकवावी लागत नाही.

"आता?" माधवी म्हणाली.

"आता काय! गोवळकोंडा. जेवायच्या आत परत," शर्वरी म्हणाली.

"अन् बाबांनी बघितलं तर?"

"अगं, हे धूड बरोबर असताना कोण म्हणेल आपण फिरायला निघालोय?"

धूड म्हणजे मी. पण तिचं म्हणणं लाख रुपयांचं होतं. मला घेऊन कुणी सहलीला जाईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वाटेत हिम्मतरावांचे ओळखीचे दोन व्यापारी दिसले. त्यांनी मला पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली. पोरगी रविवारीसुद्धा अभ्यास करते म्हणून!

मग काय, दर रविवारी 'शीट पुरी करायला' सुरू झालं. शीट शनिवारीच हातावेगळी व्हायची. माधवी माझ्यावर रेक्झिनची खोळ चढवायची, आई पद्मावतीबाई दारात येऊन "जपून जा ग" म्हणायच्या, आणि आम्ही सुटायचो. मोपेडवर मी दोघींच्या मध्ये आडवा. मेहदीपट्टणम मागे पडलं की वारा माझ्यात भरायचा आणि मोपेड आपल्या मर्जीनं डावीकडे जायला लागायची. शर्वरी ओरडायची, माधवी खिदळायची. हसण्याचा तो आवाज मी घरात कधीच ऐकला नव्हता.

माझा उपयोग तरी किती! भजी ठेवायला टेबल मीच, ऊन लागलं की छप्पर मीच, चिंचेवर भिरकावायलाही एकदा मीच. मौलाअलीकडच्या त्या गुळगुळीत खडकांवरून माझ्यावर बसून घसरगुंडी खेळायची कल्पना शर्वरीची. आधी एकेक, मग दोघी एकदम. माझी पाठ सोलवटून निघाली, पण त्या उतारावरचा तो वेग! दार होतो तेव्हा ह्यातलं काय होतं माझ्या नशिबी?

बारा-एकच्या सुमाराला माधवी घरी परत. चेहरा तजेलदार, भूक कडकडून लागलेली, दुपारी अभ्यासाला बसली की उठायचं नाव नाही. परीक्षेत गुण वाढले. "शर्वरीकडं अभ्यास चांगला होतो हिचा," हिम्मतराव पद्मावतीबाईंना सांगायचे. त्या नुसत्या हसायच्या. आईला काय कळायचं असतं आणि काय नाही, हे आम्हा लाकडांना सांगता येत नाही.

आणि मग आली खंडेनवमी.

कॉलेजला सुट्टी होती. दोघींनी गंडीपेटच्या तलावाचा बेत केला होता. सकाळी लवकर शर्वरी मोपेड घेऊन दारात हजर. माधवी नेहमीच्या सवयीनं मला उचलायला गेली आणि तोंडातून नेहमीचंच वाक्य गेलं, "बाबा, शर्वरीकडं शीट पुरी करायला जाते."

हिम्मतराव देवघरापुढे बसले होते. पाटावर दुकानचा तराजू, वजनं, मापं, माधवीची पुस्तकं. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. बाहेर त्यांची स्कूटरही हार घालून बसली होती. खंडेनवमीला हत्यारं पूजेत असतात. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही आणि पुस्तक उघडायचं नाही. वर्षातून एकदाच येणारा हा अभ्यासबंदीचा दिवस, आणि आमच्या बाईसाहेबांनी नेमका त्याच दिवशी अभ्यासाचा बहाणा सांगितला!

हिम्मतरावांनी हळूच मान वर केली. "आज? आज कोण अभ्यास करतंय? आण तो बोर्ड इकडं, त्याचीबी पूजा राहिली."

हिम्मतरावांनी मला ओढून घेतलं, खोळ काढली आणि झटकली. आतून काय निघालं म्हणता? सीताफळाच्या बिया. शेंगदाण्याची टरफलं. आणि मूठभर लाल मुरूम. त्यांनी माझ्यावरचे चहाच्या पेल्यांचे गोल डाग पाहिले. मग मला नाकाशी नेलं. धान्याचा व्यापारी तो, वासावरून डाळीचं वय सांगणारा!

"मिरची भजी," ते म्हणाले. मग मला उलटं केलं. "अन् ही पाठ कशानं सोलली?"

शर्वरीला वाटलं, काकांना बोर्ड खराब झाल्याचं वाईट वाटतंय. बिचारी धीर द्यायला गेली. "काका, अहो काळजीच करू नका! काय मजबूत बोर्ड आहे तुमचा! आम्ही दोघी एकदम बसून खडकावरून घसरलो, तरी कुठे चीर गेली नाही!"

"सागवान हाय ते," हिम्मतराव अभिमानानं म्हणून बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं आपण काय ऐकलं ते, आणि त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. "बसून? विद्येवर बसून घसरलात? पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, अन् तुम्ही... म्हणजे हे असं दर रविवारी? पद्मावती, भालकीला फोन लाव. सांग दादाला, कॉलेज बंद. स्थळ पक्कं करा म्हणावं."

मी पालथा पडलो होतो, सोललेली पाठ वर करून. माझ्यापायी पोरीचं शिक्षण जाणार ह्या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा माधवी बोलली. "बाबा, माझी एक तरी शीट राहिलीय का? नंबर कमी आले का? सहा दिवस मी मान वर करत नाही. मला नुसतं अर्धा दिवस मोकळं आकाश पाहिजे. मागितलं असतं तर दिलं असतं तुम्ही?"

हिम्मतराव खोटं बोलणारे नव्हेत. "नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच नाही मागितलं."

त्यावर ते काहीतरी म्हणणार, तेवढ्यात पद्मावतीबाई पुढे आल्या. फोनकडे नाही, माझ्याकडे. खाली बसून त्यांनी माझ्यावरच्या एका डागावरून बोट फिरवलं. "आज कुठं निघाला होतात ग?"

"गंडीपेटला," शर्वरीनं सांगितलं.

"कसं हाय ते? लग्न होऊन ह्या घरात आले तवापासून त्याचंच पाणी पितेय. नळाला आलं की भरून ठेवतेय. पण पाहिलं नाही कधी." त्या हिम्मतरावांकडे वळल्या. "फोन उद्या लावू. आज तुमचा तराजू पूजेत, हिचा बोर्ड पूजेत, स्कूटर पूजेत. आज कुणालाच काम नाही. मला दाखवून आणा की."

हिम्मतराव तराजूकडे बघत राहिले, जणू तो काही कौल देणार होता. तराजू गप्प. शेवटी त्यांनी मला सुलटं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, नमस्कार केला, माझ्या कपाळी कुंकू लावलं आणि स्वतःच्या डोक्यावर टोपी चढवली. "चला. बसनं जाऊ. डबा घ्या."

गेले की सगळे! मला सोडून! बेत माझा, खोळ माझी, बदनामी माझी, आणि मी इथे तराजूच्या शेजारी झेंडू घालून. तराजूला विचारलं, तू कधी गेलायस का कुठे? तो म्हणाला, मी वर-खाली जातो तेवढं पुरे आहे. असल्या शेजाऱ्याबरोबर दिवस काढला मी.

संध्याकाळी मंडळी परतली. पद्मावतीबाईंच्या लुगड्याचा काठ हातभर भिजलेला होता आणि पायांना चिखल लागलेला होता. पाय धुवायलाही न उठता त्या उंबरठ्यावर बसून राहिल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "एवढं जवळ होतं?"

हिम्मतराव टोपी हातात घेऊन उभे राहिले. भालकीला फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच लावला. "दादा, पोरगी शिकायलीय. अजून वेळ हाय," एवढंच बोलले आणि ठेवून दिला. माधवीला सांगितलं, "जायाचं तर सांगून जायाचं. आईला घेऊन जायाचं. अन् बोर्ड घरात ठेवायचा."

तेव्हापासून माझी अब्रू वाढली आणि मजा संपली. त्यांच्याबरोबर गोणपाटाचं एक भिकार पोतं जायला लागलं बसायला. माधवी इंजिनिअर झाली. आता तिच्या ऑफिसात सगळे नक्शे कॉम्प्युटरवर निघतात, बोर्ड कुणाला लागत नाही. मी देवघराच्या कोपऱ्यात असतो. येता-जाता सगळे मला नमस्कार करतात, आणि बसत मात्र कुणीच नाही.

मित्रांनो, असला मान मला नको हो. तुमच्यात कुणी आठवडाभर मान मोडून अभ्यास करणारं असेल तर एका रविवारी काचीगुड्याला या आणि मला उचलून न्या. जड आहे, पण दोघं बसली तरी मोडत नाही. आणि घरच्यांनो, पोर असं काही बगलेत मारून निघालं तर कुठे चाललंय ते जरूर विचारा. पण त्याच्यावर ओरडायच्या आधी जरा आत वळून बघा, घरात आणखी कुणाला जायचंय का.