तेलाचा जोर

"क्लचवरनं पाय म्हणून उचलत नाहीत हे," टेम्पोच्या दारावर थाप मारत प्रेमाबाई म्हणाल्या. "पाटावर ठेवावा तसा ठेवून बसतात. जळणार नाही तर काय होणार?"

दत्ताराम मेकॅनिक सीटवर बसून गियर टाकून बघत होता. गाडी चालू होती, त्याच्या पायाखाली क्लच तळापर्यंत दाबलेला होता, तरी पहिला गियर पडत नव्हता. नुसता करकरत होता. त्यानं इंजिन बंद केलं. आता तोच गियर अलगद पडला.

"हे" म्हणजे जावई, निलेश. तो दोन पावलं मागे उभा राहून फोन खिशात घालत होता आणि पुन्हा काढत होता. प्रेमाबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. बघण्यासारखं काही आहे असं त्यांना आठ महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर नवरा भिंतीला टेकून बसला, तेव्हा घाटकोपरच्या भटवाडीत याच बाईनं स्टोव्ह पेटवला होता आणि वडे-सागोतीच्या ऑर्डरी धरल्या होत्या. पस्तीस वर्षांत त्यातनंच खोली झाली, मुलीचं लग्न झालं, टेम्पो झाला. या माणसाची मात्र कंपनी बंद पडली आणि हा बायकोसकट सासूच्या दारात आला. मऊ हात, मऊ बोलणं, आणि काहीही सांगा, "हो आई."

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी निकाल सांगून टाकला होता. दत्ताराम क्लच जळला म्हणाला की किल्ली परत. उद्यापासून पगारी ड्रायव्हर, आणि या दोघांनी नालासोपाऱ्याला निलेशच्या भावाच्या एका खोलीत जायचं. लेक श्रुतिका अर्धा चहा टाकून आत गेली. निलेशनं आपला कप संपवला, धुऊन पालथा घातला. तेही प्रेमाबाईंनी मनात टिपून ठेवलं. घर सुटतंय आणि हा कप धुतोय.

दत्ताराम गाडीखाली सरकला. निलेश सीटवर चढला.

"दाब. सोड. परत दाब. धरून ठेव."

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "प्लेट नाही हो जळलेली, मावशी. जळकट वास नाही कुठे. हा खालचा दांडा पुढे यायला पाहिजे, तो नखभर हलतोय. वरनं तेलाचा जोर खाली पोचतच नाहीये."

"म्हणजे यांच्या पायातच जोर नाही."

"पाय बरोबर आहे त्याचा," दत्ताराम म्हणाला. प्रेमाबाईंना ते आवडलं नाही.

त्यानं खाली नळी लावली, तिचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि निलेशकडून पेडल दाबून घेत तेल काढलं. मग बाहेर येऊन बाटली बॉनेटवर ठेवली, हात पुसले, फुटपाथवरच्या चहावाल्याशी दोन शब्द बोलला. तेवढ्यात बाटलीतलं तेल निवळलं. खाली फिकट, वर काळसर, मधे सरळ रेघ.

तवंग ओळखायला प्रेमाबाईंना कोणी शिकवायला नको होतं.

गेल्या शनिवारी सकाळी टेम्पोचं पुढचं झाकण उघडून त्या फडकं मारत होत्या. आतल्या पांढऱ्या डबीतलं तेल खाली गेलेलं दिसलं. कढईतलं तेल खाली गेलं की त्या जसं ओततात, कोणाला न विचारता, तसंच त्यांनी जिन्याखालच्या निळ्या डब्यातलं ओतलं, अगदी काठोकाठ. डबीच्या झाकणावर काहीतरी लिहिलेलं होतं. लिहिलेलं तर सगळ्यावरच असतं. नंतर शेजारणीसमोर त्यांनी जावयाला सुनावलंही होतं, "गाडीतलं तेल आटलेलं काही लोकांना दिसत नाही. शेवटी मीच ओतलं."

दत्तारामनं क्लचचा वरचा सिलिंडर खोलला आणि आतलं काळं रबर तळहातावर घेतलं.

"हे बघा. भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलंय. क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं, त्याच्या जागी कोणीतरी इंजिनचं तेल ओतलंय. रबर फुगून अडकलं, मग जोर जाणार कुठनं? कोणी ओतलं?"

चहावाल्याची किटली वाजली. निलेशनं एकदा सासूकडे बघितलं, मग टायरकडे.

"मी," तो म्हणाला. "शनिवारी. त्या पिवळ्या डब्यातलं."

डबा निळा होता.

"शिकलेला ना रे तू?" दत्ताराम तापला. "झाकणावर एवढं ठळक लिहिलंय. अडाणी माणूससुद्धा विचारतो आधी. तू अडाण्याच्या वरताण."

"हो. चुकलंच माझं."

प्रेमाबाईंनी पदर कमरेला खोचला, काढला, परत खोचला. सगळं आयतं हातात आलं होतं. क्लच जळला नसला म्हणून काय, गाडी यानंच बिघडवली, आणि तेही स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. पण तो शब्द कानात राहिला. पस्तीस वर्षांत ना वाण्यानं, ना हॉलवाल्यानं, कोणीही त्यांना तोंडावर अडाणी म्हटलं नव्हतं. आज त्यांच्या देखत म्हटलं गेलं, आणि तो शब्द अंगावर घेऊन हा मऊ हातांचा माणूस उभा होता, कान लाल करून, डब्याचा रंगही चुकवून.

"दत्ताराम, बस झालं," त्या म्हणाल्या. "तेल मी ओतलं."

दत्तारामचा हात फडक्यावर थांबला.

"वरची, खालची, सगळी रबरं बदल. नळी धू. मालाडला साखरपुडा आहे, दोनला वडे निघायला पाहिजेत. हाच नेणार. आज नेणार आणि पुढेही हाच नेणार."

"आई, तसं नाही," निलेश म्हणाला, "मला वाटलं की…"

"गप." आता त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, अगदी पायापासून डोक्यापर्यंत. "आठ महिने बघतेय तुला. एक काम म्हणून धड जमत नाही रे निलेश तुला. साधं खोटं बोलणंसुद्धा नाही."