बाबांची विंडोज आणि माझं स्थळ

माझ्या बाबांनी मला आलेली तीन स्थळं एका पेनड्राइव्हपायी मोडली, आणि चौथंही त्याच्याचपायी मोडायला निघाले. चौथं स्थळ म्हणजे अंकुर, आणि तो मला हवा होता. म्हणून हे सांगताना अजूनही माझं डोकं तापतं.

बाबा, म्हणजे वामनराव, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क होते. रिटायर होताना त्यांनी ऑफिसचा जुना कॉम्प्युटर घरी आणला. तो गेल्या वर्षी बंद पडला. दुसरा कोणी असता तर नवा घेतला असता. बाबा तो रिक्षात घालून जुन्या शहरात रऊफभाईंकडे घेऊन गेले. रऊफभाईंनी उघडून पाहिला आणि म्हणाले, "वामनराव, मशीन गेली. पण अंदरची विंडोज एक्स्पी जिंदा हाये." त्यांनी ती सगळीच्या सगळी, हिरव्या टेकडीच्या चित्रासकट, पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पेनड्राइव्ह लावायचा की समोरच्या कॉम्प्युटरवर बाबांची जुनी विंडोज सुरू. नव्या कॉम्प्युटरवर मात्र ती चालेना. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, संपलं.

यातून बाबांनी काय काढावं? आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलीकडचे मुलाचं घर पाहून येतात. शेत, विहीर, सासूचा स्वभाव असं सगळं पाहतात. पातूरच्या स्थळाकडे बाबांनी आलूपोहे संपवले, हात धुतले आणि मुलाच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. काळा पडदा. बाबा उठले. तिवशाच्या स्थळाकडेही तेच झालं. तिसऱ्या घरी तर लॅपटॉपनं उलट विचारलं, हा पेनड्राइव्ह पुसून टाकू का? परत येताना बाबा एसटीत पेनड्राइव्ह मुठीत धरून बसले.

"तुमाले जावई पाहिजे का सायबर कॅफे?" आईनं घरी आल्यावर विचारलं.

"जे घर माह्या विंडोजले उभं करत नाई, ते पोरीले काय उभं करन?" बाबा म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, पण आमच्या भावकीत दोघातिघांना हे पटलंसुद्धा.

अंकुर आणि मी रक्त तपासायचा कोर्स एकत्र केला. तो अमरावतीला आईसोबत राहतो. त्याचा लॅपटॉप कोरा करकरीत होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही, आणि मला तो हवा होता तो यासाठीच. तो सरळ अकोल्याला आला, रऊफभाईंना भेटला आणि डब्याएवढा मॉनिटर असलेलं एक जुनं मशीन घेऊन गेला. असं चालू मशीन आता हेच एक, बाकी सारी भंगारात गेली, असं रऊफभाईंनी सांगितलं.

आम्ही घर पाहायला गेलो. बाबांनी पोह्यांकडे पाहिलंही नाही. पेनड्राइव्ह लावला. पंखा घरघरला, आणि पडद्यावर हिरवी टेकडी आली. बाबांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पत्त्यांचा डाव मांडला आणि दोन तास उठले नाहीत. अंकुरच्या आईनं, कौशल्याबाईंनी, चहा तीनदा दिला. परत येताना आई आणि मी साड्यांचं बोलायला लागलो.

पुढच्या रविवारी बाबा एकटेच अमरावतीला गेले. त्याच्या पुढच्याही. असे सहा रविवार झाले. तारीख काढा म्हटलं की बाबा विषय बदलत. सातव्या शनिवारी जेवताना म्हणाले, "हे स्थळ नाई जमत."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"काहून?" आईनं विचारलं.

"लेकीच्या घरचं पानी चालत नाई आपल्यात. नातवंड होईपर्यंत तिथल्या वस्तूले हात लावता येत नाई. मंग मी मशीनवर कसा बसू?"

मी उष्ट्या हातानंच अंकुरला फोन लावला. तो म्हणाला, मशीनच तुमच्याकडे पाठवून देतो. बाबांनी फोनवर त्याला झाडलं. "उद्या लोक म्हनतीन, पोरगी देऊन मशीन घेतली."

विकत घ्या म्हटलं, तर पोरीच्या सासरशी व्यवहार करत नाहीत. म्हणजे घर पसंत होतं, मुलगा पसंत होता, आणि पसंत होतं म्हणूनच नको होतं. मी ताट सरकवलं आणि त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय सुटत नाहीये, मी की पेनड्राइव्ह?"

बाबांनी ताटातला भात एका कडेला गोळा केला. मग म्हणाले, "दोन्ही सुटून नाई राहिले, पोरी."

इतकी वर्षं त्यांच्यावर चिडायची सवय. त्या दिवशी मला चिडता आलं नाही, रडू आलं.

मग बाबांनीच तारीख काढली आणि लग्न झालं. बापानं लेकीकडून घ्यायचं नसतं, द्यायला मात्र कोणाची हरकत नाही. आंदणाच्या भांड्यांमध्ये, घागर आणि परातीच्या मधोमध, हळदीकुंकू लावलेला पेनड्राइव्ह ठेवला होता. बाबा भटजींना म्हणाले, "यादीत हेबी लिहा." भटजींनी लिहिलं.

आता बाबा रविवारी सकाळच्या एसटीनं येतात. पाण्याची बाटली घरून आणतात, घडीची खुर्चीही घरूनच. ती ओट्यावर खिडकीबाहेर टाकून बसतात. आत मी मशीन सुरू करते आणि ते गजांमधून सांगतात, "बदाम दुरी काळ्या तिरीवर ठेव." मी ठेवते. मधेच कौशल्याबाईंना विचारतात, नातवंडाचं काही हाये का. त्या लाजतात आणि खूश होतात. कशासाठी विचारतात ते त्यांना माहीत नाही.

एक डाव सुटला की बाबा खुर्ची मिटतात. परतीची एसटी असते. पहिल्या महिन्यात मी भराभर खेळायचे आणि ते अकरालाच निघून जायचे. दिवसभर मला घर खायला उठायचं. आता मी तसं खेळत नाही. चौकटचा गुलाम कुठे जातो ते मला दिसत असतं, तरी मी माउस दुसरीकडेच फिरवत बसते.

बाबांनाही दिसतं. जिनिंगमध्ये पंधरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत ते हाच डाव खेळले आहेत. ते बाटलीतलं पाणी पितात, खुर्ची सावलीत ओढतात आणि म्हणतात, "पाह्य सावकाश. सापडन."