केझियाच्या नावावर

माझ्या धाकट्या नातीचा, सिन्फायचा, बाप्तिस्मा झाला ते २०१२ साल. चर्चमधून परत आलो तर आमच्या फाटकावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस लावलेली. केक तसाच झाकून ठेवला आणि ती मी सगळ्यांना वाचून दाखवली. मी वाचायला पन्नाशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळे अजून बोट ठेवून वाचतो. ट्रेलर हटवा, खडी उचला, जमीन होती तशी करा, असं त्यात होतं.

जमीन आमचीच होती. प्लमच्या जुन्या बागेचा कोपरा आम्ही रीतसर विकत घेतला होता. पण जमीन आपली असली म्हणून तिच्यावर राहता येतं असं नाही, त्याची परवानगी वेगळी, आणि जिप्सी म्हटल्यावर ती कोणी सुखासुखी देत नाही. आमचे चार ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं. एकात मी आणि माझी बायको ब्रिटानिया, शेजारी माझा मुलगा एलियास, त्याची बायको केझिया आणि त्यांच्या तीन मुली, पुढच्या दोनांत माझे दोन मेहुणे. हटवलं असतं तर परत हमरस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरात, जिथे नळ नाही आणि पोलीस केव्हाही दारावर थापा मारतात. आणि केझिया तेव्हा आजारी होती.

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. माझ्या थोरल्या भावाचं नाव म्हणूनच मी लिहीत नाही. एक नाव मात्र या गोष्टीत घ्यावंच लागतं आहे.

भावाचा मुलगा लिअँडर. बाप गेला तेव्हा तो लहान होता. आईने एका शाळामास्तराशी लग्न केलं, विटांच्या पक्क्या घरात राहायला गेली, आणि पोराला हार्ग्रेव्ह हे आडनाव मिळालं. तो शिकला आणि लंडनला बॅरिस्टर झाला. कुठे काय बांधायचं, कुठे खणायचं, कुठे धूर सोडायचा, याच भांडणांचा तो वकील. खडीच्या खाणी, कचरा जाळायचे कारखाने, गावाबाहेरून जाणारे रस्ते, पवनचक्क्या, सगळ्यांत तो उभा राहिला. कधी नदीत घाण सोडणाऱ्यांच्या विरुद्ध, कधी त्यांच्याच बाजूने. जो आधी येईल त्याचं काम घ्यायचं असा बॅरिस्टरांचा नियम आहे म्हणतात. वर्तमानपत्रात फोटो आला की ब्रिटानिया तो कापून ठेवायची. त्याच्या बापाचा ट्रेलर जिथे उन्हाळाभर उभा असायचा त्या शेतावर नऊशे घरं बांधायची परवानगी त्यानेच मिळवून दिली. तो फोटोही तिने ठेवला आहे.

मयताला मात्र तो यायचा. गाडी लांब लावायचा, मागे उभा राहायचा आणि चहाला न थांबता जायचा. तो आमचा आहे हे त्याच्या ऑफिसात कोणालाही माहीत नव्हतं. आम्ही कोणी ते बोलून दाखवलं नाही. ज्याला आपल्याच माणसांची लाज वाटते, त्याला काय विचारणार?

एलियासने त्याला फोन केला. आधी तो म्हणाला की दुसरा चांगला वकील देतो. आठवड्याने स्वतःच आला. ट्रेलरच्या पायरीवर त्याने बूट काढले, ते कोणाला सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून घेतलं, इस्पितळाचं पत्र वाचलं आणि केझियाला म्हणाला, तुमचं दुखणं या पत्रापुरतंच राहील, तोंडाने काही सांगावं लागणार नाही. आजार बाईमाणसाचा होता. सासऱ्यासमोर, दिरासमोर, परक्यासमोर त्याचा उच्चार करायचा नाही, इतकं ते आमच्यात साधं आहे. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. नात्याने तो तिचा दीरच, पण तो तिला अहोजाहो करत होता आणि तीही त्याला.

नोटिशीविरुद्धच्या आमच्या अपिलाची सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. खाली बॅडमिंटनच्या रेघा आणि एका बाजूला चहाची टाकी. सरकारने पाठवलेला इन्स्पेक्टर टेबलामागे बसला होता. तो पोलीस नव्हे, असल्या अपिलांचा निवाडा करणारा शांत, वयस्क माणूस. एका अंगाला गावातली मंडळी, दुसऱ्या अंगाला आम्ही, आमची सगळी भावकी आली होती.

केझिया निळा कोट घालून बसली. लिअँडरने तिला मुलींच्या शाळेचं विचारलं, पत्र पुढे केलं आणि तो खाली बसला. मग कौन्सिलची वकीलबाई उठली. गोड बोलणारी बाई. ती म्हणाली, पत्रात एवढंच आहे की उपचार चालू आहेत. उपचार तर कुठूनही घेता येतात. याच जागी राहिलं पाहिजे असं त्यात काय आहे? इन्स्पेक्टरने पत्र दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाला की मलाही हे समजून घ्यावं लागेल, आणि जे काही सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

पुन्हा विचारायची पाळी लिअँडरची होती. तो उठला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखली, माझ्या भावाची होती ती. मी उठलो. मी उठलो तसा एलियास उठला, मेहुणे उठले, आमच्यातला एकूण एक पुरुष उठला आणि खुर्च्या सरकवत आम्ही बाहेर पडलो. बायका तेवढ्या आत राहिल्या. दाराशी पोचलो तेव्हा गावातला कोणीतरी म्हणाला, "पब उघडला वाटतं." बरेच जण हसले.

बाहेर काचेच्या बाटल्या टाकायचे मोठे डबे होते, त्यांच्यापाशी आम्ही उभे राहिलो. भुरभुर पाऊस होता. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. एलियासने भिंतीला कपाळ लावलं होतं.

आत काय झालं ते मला ब्रिटानियाने सांगितलं, तेही सांगण्यासारखं होतं तेवढंच. वकीलबाई उभी राहिली आणि म्हणाली की कुटुंबातले पुरुषच निघून गेले याची नोंद व्हावी, यावरून त्यांना प्रकरणाची कितपत काळजी आहे ते दिसतं. इन्स्पेक्टरने लिहायला पेन उचललं आणि लिअँडरकडे पाहिलं. लिअँडरने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आमच्यात अशी रीत आहे, एवढंच. पण 'आमच्यात' म्हणावं लागलं असतं, किंवा निदान ही रीत आपल्याला कशी माहीत ते सांगावं लागलं असतं. तो हातातले कागद सारखे करत राहिला.

शेवटी केझियाच बोलली. "ते रागावून गेले नाहीत साहेब. माझी लाज राखायला गेले. आमचे पुरुष असलं ऐकत नाहीत."

इन्स्पेक्टर म्हणाला, "पण मी आहे इथे. मिस्टर हार्ग्रेव्ह आहेत."

केझियाने लिअँडरकडे बघितलं. ब्रिटानिया म्हणते, तिला वाटलं की आता ही सांगून टाकणार. हॉलमधल्या आमच्या सगळ्या बायका श्वास धरून बसल्या होत्या.

"तुम्ही साहेब आहात," केझिया म्हणाली. "आणि हे वकील आहेत. यांना चालतं."

मग लिअँडरने विचारलं आणि तिने सांगितलं. एकेक करून सगळं विचारलं त्याने, तिला दिवसातून किती वेळा काय लागतं, रस्त्याच्या कडेला काय होईल, धुणं कसं होईल. "कान लाल झाले होते त्याचे," ब्रिटानिया म्हणाली. "आवाज मात्र हलला नाही. चांगला वकील आहे हो तुमचा पुतण्या."

तिने काय सांगितलं ते मी लिहिणार नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. पाकीट मीच फोडलं. त्यात तिचा आजार सगळा लिहिला होता, नाव, वय, अवयव, सगळं. मी वाचायला शिकलो याचा मला तेव्हा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. मी बोट उचललं, डोळे मिटले आणि पान उलटलं. पुढे अट होती. ही परवानगी जमिनीला नाही, केझियाला आहे. ती इथे आहे तोवर तिचं कुटुंब इथे राहील. ती नसेल त्या दिवसापासून सगळं हटवायचं.

एलियासने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला.

त्यानंतर आमच्या जागेवर एक विचित्र सवय लागली. सगळे केझियाला जपू लागले. मेहुण्यांच्या बायका सूप आणून द्यायच्या. तिला खोकला आला की चारही ट्रेलरची दारं उघडायची. प्रेम होतंच, खोटं नव्हतं ते. पण प्रत्येक जण तिचा चेहरा बघून मनात काय मोजतो ते तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे आम्हाला. मी सकाळी उठलो की आधी तिच्या खिडकीकडे बघायचो, काचेवर किटलीची वाफ दिसते का. दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि तो कशासाठी पडला हे माझं मलाच नीट सांगता यायचं नाही. एकदा तिने पडदा सारला आणि मला तसं बघताना पकडलं.

"उठलेय बाबा," ती म्हणाली. "आजचा दिवस राहा खुशाल."

ती हसली. मी हसू शकलो नाही. बादली उचलून नळाकडे गेलो, ती भरलेलीच होती.

लिअँडर एकदाच आला तिला भेटायला. तिने त्याला चांगल्या कपात चहा दिला. तो कपाकडे बघत बसला. जे त्याने ऐकलं होतं ते ऐकलेल्या पुरुषाने तिच्या तोंडाकडे बघायचं नसतं, आणि तो पक्क्या घरात वाढला तरी तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.

"कप स्वच्छ आहे," केझिया म्हणाली. "इतकं काय शोधताय त्यात?" मग जरा वेळाने, "तुमचं मी कोणाला सांगितलं नाही. माझं तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत."

"हो, वहिनी," तो म्हणाला.

वहिनी म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ. तिने त्याला केक दिला, तो त्याने संपवला.

ती अडीच वर्षं टिकली. मातीनंतर रीतीप्रमाणे आम्ही तिचा ट्रेलर जाळला, तिचे कपडे, तिचे चांगले कप सगळं त्यात. लिअँडरने या वेळी गाडी फाटकापाशीच लावली आणि आग विझेपर्यंत आमच्यात उभा राहिला. काही दिवसांनी कौन्सिलचं पत्र आलं. ते अटीप्रमाणेच वागत होते. मी लिअँडरला फोन केला. त्याने सवयीने विचारलं, "काका, आता आपल्यात आणखी कोण आजारी आहे?"

मी माझ्या छातीचं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आपण काय बोलतोय ते दोघांनाही ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मी उभा राहणार नाही काका. घरच्यांसाठी उभं राहू नये असं आमच्या धंद्यात मानतात. मी तसं ऑफिसला लिहून कळवतो."

त्याने कळवलं. आम्हाला आलेली त्याची प्रत ब्रिटानियाने मला वाचायला लावली. 'मी या कुटुंबातला आहे,' एवढंच होतं आणि खाली सही.

दुसरी वकील तरुण मुलगी होती. तिने कोणाचं दुखणं काढलंच नाही. कौन्सिलने आमच्यासारख्यांसाठी कायद्याप्रमाणे जागा राखून ठेवायला हव्या होत्या आणि एकही ठेवली नव्हती, एवढ्या एकाच मुद्द्यावर ती दोन दिवस बोलली. गेलेल्या सुनेच्या आजाराचा विषय कौन्सिलच्या बाजूने निघाला तेव्हा मी उठलो. आमचे सगळे उठले. लिअँडर माझ्या शेजारी बसला होता, तोही उठला आणि आमच्याबरोबर बाहेर येऊन त्या बाटल्यांच्या डब्यांपाशी उभा राहिला.

या वेळी परवानगी जमिनीला मिळाली, कुणाच्या नावावर नाही.

त्या डब्यांपाशी उभं असतानाच मी त्याला विचारलं होतं, "हा जागांचा मुद्दा तेव्हा नव्हता का?"

"होता."

"मग?"

"त्यात हरण्याची भीती होती," तो म्हणाला. "आजारपण हमखास चालतं काका. मला हमखास हवं होतं. आणि लवकर संपवून निघून जायचं होतं." त्याने डब्याच्या झाकणावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. तिच्या खिडकीकडे बघत मीही अडीच वर्षं काढली होती.

तो पहिला निकाल अजून सरकारी दप्तरात आहे. कोणीही मागावा आणि वाचावा. त्यात तिचं नाव तिच्या आजाराला लागून आहे. म्हणून इथे ते मी वेगळं लिहितो आहे, रीत मोडून. माझी सून केझिया बकलंड २४ मार्च २०१५ रोजी, मंगळवारी सकाळी, आमच्या बागेतल्या तिच्या ट्रेलरमध्ये वारली.